सपरीतला दुसरा खड्डा

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्याबरोबर पदवी घेतलेली मंडळी विभागप्रमुख होण्याच्या वाटेवर होती. पदार्थविज्ञानातली एम.एस्सी. मी वेळेवर आणि बऱ्या गुणांनी केली होती. पुढे मात्र लग्न, मुले, यजमानांच्या बदल्या आणि सासूबाईंचे दीर्घ आजारपण यांत वर्षांमागून वर्षे गेली. विद्यापीठाच्या तंत्रविभागात संशोधन-सहायक म्हणून मी पहिल्यांदा पाऊल ठेवले तेव्हा तिथली तरुण मुले मला अदबीने 'काकू' म्हणू लागली. त्यात चेष्टा नव्हती, पण बैठकीत तोंड उघडण्याचा जो थोडा धीर मी घरून गोळा करून नेत असे, तो त्या एका शब्दाने मावळून जाई. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसे, सांगितलेली मोजमापे घेई आणि कोणी विचारले तरच बोले. लिहिण्याच्या बाबतीतही मी अशीच उशिरा पोचले आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

आमच्या विद्यापीठात त्या काळी एखादा शोध लागला की त्याचा निबंध होई, वस्तू मात्र क्वचितच होई. विभागाच्या मागच्या गॅलरीत जुन्या चादरींखाली कितीतरी यंत्रे झाकून ठेवलेली होती. धान वाळवण्याची पेटी, भुशाची शेगडी, पायाने चालवायचा पंप अशा सगळ्या वस्तू प्रयोगशाळेत उत्तम चालल्या होत्या आणि मग तिथेच थांबल्या होत्या. आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे सरांना, त्या गॅलरीतून जाताना अवघडल्यासारखे होत असावे, कारण ते नेहमी भरभर चालत. त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर चादर पडू नये ही त्यांची इच्छा होती, आणि तशी इच्छा धरण्याइतके ते यंत्र खरोखरच चांगले होते.

ते कोशाचे सूत काढण्याचे यंत्र होते. भंडारा जिल्ह्यात रानातल्या कोशांपासून रेशीम काढून विणण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माग पुरुष चालवतात, सूत बायका काढतात. खारात उकळलेल्या चार-सहा कोशांचे तंतू एका हाताने ओढून घ्यायचे, उघड्या मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताच्या ओल्या तळव्याने वळायचे आणि लाकडी फाळक्यावर गुंडाळायचे. दिवसभर. सरांनी हे वाचले होते, ऐकले होते, पण पाहिले नव्हते. पाहणे शक्यही नव्हते, कारण लुगडे मांडीपर्यंत वर घेऊन करायचे हे काम बायका आतल्या खोलीत दार लावून करत. एवढ्या ऐकीव माहितीवर सरांनी शिलाई मशीनचा पायटा, सायकलचे चाक आणि एक चाती, म्हणजे सूत पिळणारी फिरती सळई, जोडून मांडीच्या जागी यंत्र बसवले. पायाने पायटा हलवला की चाती फिरे, तंतूंना पीळ बसे, आणि दोन्ही हात कोश सांभाळायला मोकळे राहत. त्याबरोबर त्यांनी एक स्टूल करून घेतले होते. यंत्रापेक्षाही त्यांचा जीव त्या स्टुलावर होता. बाईमाणूस जमिनीवर बसून, कंबर वाकवून, अंधारात काम करते हे त्यांना सहन होत नसे; तिने ताठ, उंचावर, सन्मानाने बसावे असे त्यांना मनापासून वाटे.

स्टुलाची उंची ठरवायची होती तेव्हा विभागात बाई म्हणून मी एकटीच होते. सरांनी मला बाकावर बसवून गुडघ्यापासून पावलापर्यंत, कोपरापासून बाकापर्यंत मापे घेतली. सुतार, दोन विद्यार्थी आणि शिपाई उभे राहून पाहत होते, आणि मी जमिनीकडे. अशा रीतीने ते यंत्र माझ्या मापाचे झाले. मी पहिलीपासून बाकावर बसून शिकलेली बाई होते.

अनुदान देणाऱ्या मंडळाने सांगितले की यंत्र गावात नेऊन दाखवा; बायका ते वापरतात असा अहवाल आला तरच पुढे त्याच्या प्रती करण्याचा विचार होईल. पावसाळ्यापर्यंतची मुदत होती. आतल्या खोलीत जाऊ शकेल असे विभागात कोण, याचे उत्तर पुन्हा मीच होते. चैत्र संपता संपता एका टेम्पोत यंत्र आणि स्टूल चढवून मी साकोलीमार्गे एकोडीला गेले. यजमानांनी हरकत घेतली नाही. मीच ती मनातल्या मनात पुष्कळदा घेऊन पाहिली.

एकोडी गाव धानाचे, पण एका आळीत कोशाचे माग होते. तिथल्या ज्या घराने यंत्र ठेवून घ्यायचे कबूल केले होते, त्या घरात एक वृद्ध विणकर, त्यांची बायको आणि सून एवढीच माणसे असत. मुलगा कापड घेऊन बाजारोबाजार फिरे. ओसरीला तिथे सपरी म्हणतात. सपरीच्या एका अंगाला म्हाताऱ्यांचा खड्डामाग होता. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पायाने दाबायच्या मागाच्या पावड्या, आणि खड्ड्याच्या काठावर बसून पाय आत सोडून विणणारे म्हातारे. सपरीच्या दुसऱ्या अंगाला आम्ही यंत्र मांडले. त्याच्या पितळी चातीवर ऊन पडले तेव्हा ते फार देखणे दिसले, आणि मला उगाचच त्याचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी त्या घरच्या सासूबाईंनी मला आतल्या खोलीत घेतले आणि दार लावले. कौलांतून येणाऱ्या दोन कवडशांखेरीज तिथे उजेड नव्हता. सासूसून भिंतीला टेकून बसल्या, लुगडी वर घेतली आणि कामाला लागल्या. त्यांची नजर सुताकडे नव्हतीच. तंतू कुठे बारीक झाला, कुठे तुटला हे तळव्यालाच कळत होते. सून विशीतली, सडपातळ, फार न बोलणारी होती. तिची मांडी पाहून मला नजर वळवावीशी वाटली. गुडघ्याच्या वर वीतभर कातडी सोलवटून लाल झाली होती, मध्ये जुन्या जखमेचा काळसर डाग होता. आदल्या वर्षी रोवणीच्या, म्हणजे धानलावणीच्या, दिवसांत, धानाच्या बांधीत मांडीइतक्या चिखलपाण्यात उभे राहून ती जखम चिघळली होती. ताप भरून ती पाय उचलेनाशी झाली होती, असे सासूबाईंनी सांगितले. साकोलीच्या डॉक्टरांनी मांडी घासू नकोस म्हणून बजावले होते. पण ती सूत काढायला बसली नाही तर सपरीतल्या मागाला बाणा, म्हणजे आडवे सूत, मिळत नसे, आणि रोवणीला गेली नाही तर घरात धान येत नसे.

"माही तं जोड्याच्या चामड्यासारखी झाली," सासूबाई स्वतःच्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या. "तिचीबी होईन. टाइम लागते."

सासूबाई कोश आणायला बाहेर गेल्यावर तिने हळू आवाजात मला विचारले की हे मशीन किती दिवस राहणार. पावसाळ्यापर्यंत, मी सांगितले. मग घेऊन जाणार का? बायकांनी वापरले तर मुदत वाढेल, पुढे तसली आणखी होतील, नाहीतर परत न्यावे लागेल. तिने फाळक्यावरचा पेड सारखा केला.

"मंग वापरलंच पायजे," ती म्हणाली.

आणि तरीही पुढचे काही दिवस त्या यंत्रावर कोणी बसले नाही. मी रोज सकाळी चातीला तेल घालून, कोश मांडून, स्टूल पुसून वाट पाहत असे. आळीतल्या बायका येत, यंत्राभोवती फिरून पाहत, चाक फिरवत, हसत आणि जात. एकीला चक्कर येत होती, एकीचे पाय पुरत नव्हते, एकीला म्हणे मशीनचा आवाज डोक्यात जाई. मी स्वतः बसून दाखवले. माझे सूत ठिकठिकाणी तुटले तरी त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली. सून दाराआडून पाहत असे. तिने तरी बसावे म्हणून मी खूण केली की ती सपरीतल्या मागाकडे एक नजर टाकी आणि आत जाई. मला वाटले, तिला यंत्राची भीती वाटत असावी. संध्याकाळी मी अहवालाची वाक्ये मनात जुळवू लागे, आणि ती सगळी 'स्थानिक स्त्रियांचा प्रतिसाद' इथे येऊन अडत.

एका सकाळी म्हातारे तलावावर आंघोळीला गेले होते. सून बाहेर आली, इकडेतिकडे पाहिले आणि एकदम स्टुलावर बसली. पायट्याचा ठेका तिला माझ्यापेक्षा लवकर सापडला. बोटांतून तंतू सुटू लागले, चाती गुणगुणू लागली. काही वेळ मी ते सूत पाहत राहिले. सारखे, गोल, मऊ, आणि मांडीला स्पर्शही न करता आलेले. तिच्या चेहऱ्यावर जे दिसत होते त्याला हसू म्हणता येणार नाही. दुखरा दात काढून झाल्यावर माणूस जिभेने ती जागा चाचपतो, तसे काहीसे होते.

म्हातारे लवकर परतले. ओले धोतर पिळत ते अंगणात आले मात्र, ती ताडकन उठली. स्टूल उलटले, कोमट पाण्याचे घमेले कलंडले, कोश सपरीभर घरंगळले, सूत तुटले. म्हातारे तसेच मागे फिरले आणि पिळलेले धोतर हातात घेऊन उन्हात उभे राहिले. सून आत जाऊन दार लावेपर्यंत ते सपरीत आले नाहीत.

सासूबाईंनी कोश वेचायला घेतले. मीही त्यांच्याबरोबर खाली बसले. काय चुकले ते मला तेव्हाही कळले नव्हते, आणि विचारायचा धीर होत नव्हता. त्यांनीच शेवटी सांगितले.

"मशीन बढिया हाय, बाई. पन सासरा भुईवर अन् सून उच्चावर, असं आमच्या इथं नाई चालत. पाय लोंबते सुनेचा, अन् खाली मामाजी बसले. दिसते का बरं थे?"

मी चाचरत म्हणाले की मामाजींनाही एक खुर्ची आणता येईल.

"थे खड्ड्यात बसतेत," सासूबाई म्हणाल्या. "खुर्ची का खड्ड्यात ठेवू?"

त्या बाहेर हसल्या तशी दाराआडची सूनही हसली असावी, कारण आतून भांडे वाजले. मला मात्र हसू आले नाही. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या मनात आली नव्हती. ती मला कोणी आधी सांगितलीही नव्हती, कारण पाहुणीला तिच्या आणलेल्या वस्तूचा दोष सांगायचा नसतो. चक्कर, पाय, आवाज ही सगळी कारणे म्हणजे त्या बायकांचे सौजन्य होते.

आम्ही यंत्र आतल्या खोलीत नेऊन पाहिले. तिथे स्टुलावर बसायला कोणाची आडकाठी नव्हती, पण यंत्रावर तळवा नव्हता. तंतू डोळ्यांनी पाहावा लागे आणि त्या अंधारात तो दिसत नसे. सून वाकून वाकून पाही, डोळे चोळी, पुन्हा गाठ मारी. दुपारी तिने यंत्र सोडले, भिंतीला टेकून बसली आणि लुगडे वर घेतले. मी बाहेर आले. वैशाखाचे ऊन अंगणात उभे होते. पाऊस फार लांब नव्हता, आणि पाऊस आला की रोवणी येणार होती.

सपरीतल्या खाटेवर मी बराच वेळ बसून होते. समोर म्हातारे विणत होते. त्यांच्याकडे टक लावून पाहणे बरे दिसणार नाही म्हणून मी त्यांच्या पायांकडे पाहत होते. खड्ड्यात, पावड्यांवर, त्यांचे पाय आळीपाळीने खालीवर होत होते. आमच्या पायट्यावर होतात अगदी तसेच. आणि तरी म्हातारे भुईवरच बसलेले होते. शेजारी कोणी मांडी घालून बसले असते तर दोघांची डोकी एका उंचीवर आली असती. ही कल्पना माझी होती असे म्हणायला मी आजही कचरते. ती सासूबाईंनी चेष्टेत उच्चारली होती आणि म्हातारे कित्येक वर्षे तिच्यात पाय सोडून बसले होते. मी फक्त तिच्यासमोर खाटेवर बसले होते.

आता हे म्हाताऱ्यांना सांगायचे कसे? सपरी त्यांची, भुई त्यांची. मी त्यांच्याशी तोवर नमस्कारापलीकडे बोलले नव्हते. मी आत जाऊन सुनेला सांगितले. तिने सासूला सांगितले. सासूबाई दाराशी येऊन, भिंतीकडे तोंड करून, मोठ्याने म्हणाल्या की शहरातल्या बाई म्हणतात, मशीनलेबी एक खड्डा खनावं. वास्तविक म्हाताऱ्यांनी पहिल्यांदाच सगळे ऐकले होते, कारण त्यांचा माग थांबलेला होता. पण त्यांनी तिसऱ्यांदा सांगितले जाईपर्यंत वाट पाहिली. मग भिंतीलाच उत्तर दिले की मागाच्या जवर नको, माग थरथरन. एवढे बोलून त्यांनी पुन्हा धोटा फेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुसऱ्या अंगाला कुदळ घेऊन खणत होते. मदतीला कोणाला घेतले नाही. मागाचा खड्डा घरच्यानेच खणायचा असतो, आणि हाही मागाचाच म्हणायचा, असे सासूबाईंचे म्हणणे पडले. त्यांनी खड्ड्याच्या काठाला हळदकुंकू वाहिले. यंत्र आत उतरवले तेव्हा पायटा खड्ड्याच्या तळाला गेला आणि चाती भुईपासून दोन-तीन वितींवर आली. यंत्राला एक खिळाही ठोकावा लागला नाही. फक्त स्टूल उरले. सासूबाईंनी त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवला.

सून काठावर बसली, पाय आत सोडले, लुगडे घोट्यांपर्यंत सारखे केले. म्हातारे समोर होते. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पायटा हलवला. आतल्या खोलीचे दार उघडेच राहिले. ते लावायचे कारण कोणालाच आठवले नाही.

मला खरे तर आनंद व्हायला हवा होता. पण त्याच आठवड्यात सर पाहणीला येणार होते. त्यांनी वर्षभर ज्याचा ध्यास घेतला ते यंत्र कमरेइतके जमिनीत गेले होते, आणि ज्या आसनावर त्यांचा जीव होता त्यावर माठ होता. ते नाराज झाले तर अहवाल त्यांच्या सहीशिवाय पुढे जाणार नव्हता, यंत्र टेम्पोत चढणार होते आणि त्या मुलीची मांडी पुन्हा चिखलात उतरणार होती. मी त्यांना सांगायची वाक्ये तयार केली. सुरुवात, मध्य आणि समारोप असलेले ते एक छोटे भाषणच होते. आंघोळ करताना मी ते म्हणून पाहत असे.

सर जीपमधून उतरले, सपरीत आले आणि थबकले. यंत्राकडे पाहिले, माठाकडे पाहिले, मग माझ्याकडे. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

"मी बाईमाणसाला जमिनीवरून उठवायला निघालो होतो," ते म्हणाले. "तुम्ही तर यंत्रच जमिनीत पुरलंत."

माझे भाषण कुठच्या कुठे गेले. सून खड्ड्याच्या काठावर पदर सावरून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती.

"सर, वर ती बसत नव्हती," मी म्हणाले. "इथे बसते. आणि आतलं दार उघडं आहे."

एवढेच. सरांनी मान वळवून त्या दाराकडे पाहिले. त्या दारामागे काय चालते हे त्यांनी नुसते वाचले आणि ऐकले होते. मग त्यांनी सुनेला चालवून दाखवायची विनंती केली आणि स्वतः खाटेवर न बसता भुईवर बसले.

ती बसली. चाती फिरू लागली. परका माणूस समोर असल्याने सुरुवातीला सूत दोनदा तुटले, मग लागले. आणि तेव्हा समोरचा माग थांबला. म्हातारे धोटा हातात धरून सुनेच्या बोटांकडे पाहत होते. इतके दिवस यंत्र चालू असले की ते मान खाली घालून विणत; आज साहेब पाहत आहेत म्हणजे पाहायला हरकत नाही असे त्यांनी ठरवले असावे. कोशातून निघालेले तंतू एकत्र येताना, त्यांना पीळ बसताना, ते सूत होताना त्यांनी नीट निरखले.

"आयुष्य गेलं ह्या सुताचं कापड विनता विनता," ते सरांना म्हणाले. "पन हे निंगते कसं, थे आज पाह्यलं, साहेब."

"मायच्या मांडीवर होते तवा पाह्यलं असन," आतून सासूबाई म्हणाल्या.

"तवा मी दूध पाहो. सूत कायले पाहो?"

सरांनाही हसू आवरले नाही. सुनेने पदर दातांत धरला, पण पाय थांबवला नाही. मग सरांनी बूट-मोजे काढले, काठावर बसून खड्ड्यात पाय सोडले आणि स्वतःच्या यंत्राचा पायटा जणू पहिल्यांदाच हलवून पाहिला. उठताना त्यांनी हातांची माती झटकली आणि मला सांगितले की आराखडा नव्याने काढावा लागेल. खड्ड्याची खोली त्यात दाखवावी लागेल. स्टूल जीपमध्ये ठेवायला सांगितले तेव्हा सासूबाईंनी माठ उतरवून दिला, थोड्या नाखुशीने.

समितीपुढे हे प्रकरण सोपे गेले नाही. एका सदस्यांना वाटले की खड्डा म्हणजे प्रगती नव्हे, आणि असे यंत्र प्रदर्शनात मांडायचे कसे? सर म्हणाले की ते प्रदर्शनात मांडण्यासाठी नाहीच. मला विचारण्यात आले तेव्हा मी उभी राहून दोन वाक्ये बोलले. ती ऐकू गेली नाहीत म्हणून पुन्हा बोलावी लागली. मुदत वर्षभर वाढली. त्या रोवणीला सून बांधीत उतरली, आणि तिच्या मांडीचे काही बिनसले नाही, एवढा निरोप मला साकोलीच्या एका ओळखीच्या शिक्षिकेकडून मिळाला. मी तो सरांना सांगितला. त्यांनी चष्मा पुसला.

आराखडा हातात आल्यावर तो एखाद्या मोठ्या कारखान्याला द्यावा असे विद्यापीठाच्या मनात होते. पण मोठ्या कारखान्यांना एवढ्या थोड्या यंत्रांत रस नव्हता. शेवटी बैलगाडीचे आस आणि नांगराचे फाळ करणाऱ्या साकोलीतल्या एका मिस्त्रींनी ते काम घेतले. त्यांनी पहिल्याच दिवशी आमची पॉलिश केलेली शिसवी चौकट काढून टाकली, लाकडाच्या जागी लोखंडी कोन आणले आणि चाती पितळेऐवजी पोलादाची केली. यंत्राला आम्ही एक लांबलचक शास्त्रीय नाव दिले होते. साकोलीत ते 'खड्ड्याची मशीन' झाले, आणि पुढच्या काही वर्षांत ते ज्या ज्या आळीत गेले तिथे याच नावाने गेले. ते विद्यापीठातून आले आहे हे हळूहळू कोणाच्या लक्षात राहिले नाही. सरांना याचे वाईट वाटले का, हे मी कधी विचारले नाही. गॅलरीतून जाताना मात्र ते सावकाश चालू लागले होते.

मिस्त्रींचे पहिले यंत्र तयार झाले तेव्हा ठरल्याप्रमाणे विद्यापीठाचे यंत्र परत आणायचे होते. नवे देऊन जुने घ्यायला मी पुन्हा एकोडीला गेले. पुढच्या वर्षीची रोवणी ऐन भरात होती. आळी रिकामी होती. बांधीबांधीत वाकलेल्या बायका टेम्पोतूनच दिसल्या होत्या. घरी सासूबाई चुलीपाशी होत्या. माग बंद होता. चाती मात्र फिरत असल्याचा आवाज सपरीतून येत होता, म्हणून मला वाटले, सून आज घरी राहिली असेल.

खड्ड्याच्या काठावर म्हातारे बसले होते. डोळे बारीक करून, जीभ ओठांत धरून, ते सूत काढत होते. त्यांना मी आल्याचे कळलेही नाही.

"बाया रोवण्याले गेल्या अन् बाणा सरला," सासूबाईंनी मला सांगितले. "म्हन्ले, मीच काढतो. पाहा आता. दावं हाय दावं. बैल बांधा यानं."

सूत खरोखरच कुठे जाड, कुठे झिरझिरीत होते. टेम्पोवाला घाई करत होता, भोंगा वाजवत होता. म्हातारे मान वर न करता म्हणाले की थांबा जरा, एवढे कोश सरू द्या. मी खाटेवर बसले. टेम्पोवाल्याला सासूबाईंनी चहा दिला.

कोश सरता सरेनात. शेवटी दिवस कलताना सून शेतातून आली. गुडघ्याच्या वरपर्यंत चिखल, डोक्यावर पोत्याची खोळ. मला पाहून ती हसली, मग तिची नजर सपरीत गेली आणि ती पायरीवरच थांबली. तिच्या जागेवर सासरे बसलेले होते. ते उठतील म्हणून ती बाजूला सरली. ते उठले नाहीत. त्यांनी चातीवरून लोंबणारे तुटके टोक बोटांत धरून तिच्या दिशेने वर केले.

"हात धून ये, बाई," ते म्हणाले. "अन् मले सांग, हे इथंच काहून तुटते."